पान्हा आणि भरवसा

गेल्या महिन्यात क्वीन्समधील एका कुटुंबात मलिद्याचा कार्यक्रम होता. एलियाहू हानबीचे स्मरण झाले, गोड पोहे, खोबरे व फळे वाटून झाली, आणि मंडळी गप्पांत रमली असता एका तरुणाने खिशातून एक चिमुकली बाटली काढून माझ्यापुढे धरली. "टीचर, हे सदऱ्यावर फवारले की समोरच्याचा आपल्यावर विश्वास बसतो म्हणे. सोमवारी नोकरीची मुलाखत आहे, म्हणून मागवले," तो म्हणाला. बाटलीवर 'ऑक्सिटोसिन' हा शब्द ठळक छापलेला होता. शेजारी बसलेल्या त्याच्या आजीने बाटली हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, "बाय माजे! भरवसा पन आता बाटलीत मिलतो?"

सर्वजण हसले, मीही हसले. परंतु घरी परतताना आजीचा प्रश्न मनातून जाईना. मुलगा अडाणी नव्हे, चांगला पदवीधर आहे. त्याने जे ऐकले होते ते एके काळी जगातील अत्यंत प्रतिष्ठित अशा विज्ञानपत्रिकेत छापून आले होते. तेव्हा त्याची थट्टा करून भागणार नाही. काय छापले गेले आणि त्याचे पुढे काय झाले हे नीट सांगितले पाहिजे, असे ठरवून ह्या वेळचे सदर त्याच विषयाला दिले आहे. ह्या विषयाशी माझा स्वतःचाही एक जुना, काहीसा लाजिरवाणा संबंध आहे. तो ओघात येईल.

प्रारंभ बाटलीपासून न करता गोठ्यापासून करू. आपल्यापैकी ज्यांचे बालपण अलिबाग, पेण, रोहे ह्या भागात गेले, त्यांना म्हैस 'पान्हावणे' म्हणजे काय हे सांगावयास नको. कासेत दूध असते, पण ते खाली उतरत नाही. रेडकू लुचू लागले, ओळखीच्या हाताने कास धुतली, की क्षणाधीत सड भरून येतात. अनोळखी माणूस धार काढावयास बसला, कोणी जवळ आरडाओरड केली, की तीच म्हैस पान्हा चोरते आणि चरवी रिकामी राहते. मराठी भाषेने ह्या एका शारीरिक क्रियेला स्वतंत्र शब्द दिला, आणि तोच शब्द मायेलाही लावला. आईला पान्हा फुटतो तो केवळ दुधाचा नव्हे, हे आपल्या बायकांना कोणत्याही प्रयोगशाळेच्या आधी ठाऊक होते.

प्रयोगशाळेने त्याचे कारण शोधले. एली व पीटरसन ह्या दोन अमेरिकन संशोधकांनी १९४१ साली गाईंवरील प्रयोग प्रसिद्ध केले. धार काढण्याच्या वेळी गाईच्या पाठीवर मांजर ठेवावयाचे आणि कागदी पिशव्या फुगवून कानाशी फोडावयाच्या, असा तो विलक्षण प्रयोग होता! गाय बिथरली आणि दूध उतरेना. त्यावरून, आणि त्याच मालिकेतील इतर प्रयोगांवरून, असे दिसले की दूध उतरवणारा संदेश रक्तातून येतो आणि भीतीच्या वेळी स्रवणारे अॅड्रेनलिन त्याला आडवे येते. रक्तातून येणारा हा संदेशवाहक म्हणजेच ऑक्सिटोसिन. वासराच्या तोंडाचा स्पर्श मज्जातंतूंवाटे मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस ह्या भागाला कळतो. तेथे हे द्रव्य तयार होते, पीयूषिका अर्थात पिट्युइटरी ग्रंथीच्या मागील भागात साठते, आणि संदेश येताच रक्तात सोडले जाते. ते कासेतील सूक्ष्म पेशींना आकुंचित करते आणि दूध खाली येते. स्तनपान देणाऱ्या मातेच्या शरीरातही हेच घडते. बाळ नुसते रडले तरी कित्येक मातांना पान्हा येतो, म्हणजे स्पर्शाचीही गरज उरत नाही.

ह्याच द्रव्याचे पहिले काम प्रसूतीचे. इंग्लंडमधील हेन्री डेल ह्यांना १९०६ साली असे आढळले की पिट्युइटरीच्या मागील भागाच्या अर्काने मांजरीचे गर्भाशय आकुंचन पावते. 'शीघ्र प्रसूती' ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून ऑक्सिटोसिन हे नाव आले. त्याची संपूर्ण घडण उलगडून ते प्रयोगशाळेत तयार करण्याचा मान मात्र आपल्या ह्या शहराकडे जातो. मॅनहॅटनमधील कॉर्नेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात व्हिन्सेंट द्यु व्हिन्यो ह्यांनी १९५३ साली ते साध्य केले आणि १९५५ साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. अवघ्या नऊ अॅमिनो आम्लांची ती साखळी आहे. तिच्याच सख्ख्या बहिणीसारखे असणारे व्हॅसोप्रेसिन केवळ दोन दुव्यांनी निराळे, पण त्याचे मुख्य काम मूत्रपिंडांकडून पाणी वाचवण्याचे!

ज्या भगिनींनी अमेरिकेतील रुग्णालयांत परिचारिकेचे काम केले आहे, त्यांनी 'पिटोसिन'ची बाटली कितीदा टांगली असेल ह्याची गणती नाही. ते हेच औषध. कळा सुरू करण्यासाठी, आणि बाळंतपणानंतरचा जीवघेणा रक्तस्राव थांबवण्यासाठी त्याचे मोल फार मोठे आहे. म्हशीचा पान्हा बळेच उतरवण्यासाठी तबेल्यांतून हीच सुई टोचली जाते, ही तक्रार भारतात जुनी आहे. तिला आळा घालावा म्हणून केंद्र सरकारने २०१८ च्या एप्रिलमध्ये खासगी कारखान्यांना हे औषध बनवण्यास मनाई करणारा आदेश काढला, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. म्हशी वाचवताना बाळंतिणींचे औषध दुर्मिळ होईल ही भीती त्या खटल्यात मोठी होती. रेडकाऐवजी सुई टोचून काढलेला पान्हा ही गोष्ट वाचकांनी क्षणभर ध्यानात ठेवावी. बाटलीतला भरवसा त्याच जातीचा आहे.

एवढ्यावर हे द्रव्य सुईणीच्या व गवळ्याच्या कामाचे म्हणून राहिले असते. परंतु १९७९ साली नॉर्थ कॅरोलायना येथील पेडरसन व प्रांज ह्या दोघांनी, कधीही न व्यालेल्या उंदीर-माद्यांच्या मेंदूत ऑक्सिटोसिन सोडले आणि त्यांपैकी अनेक माद्या परक्या पिलांना आईप्रमाणे गोळा करू लागल्या. म्हणजे हे द्रव्य केवळ स्नायूंना नव्हे, मनालाही काही सांगत होते. पुढे इलिनॉयच्या माळरानावर राहणाऱ्या 'प्रेअरी व्होल' नामक एका लहानशा, उंदरासारख्या प्राण्याने सर्वांचे लक्ष वेधले. लोवेल गेट्झ हे प्राणिशास्त्रज्ञ मोजणीसाठी पिंजरे लावीत, तेव्हा पुन्हा पुन्हा तीच मादी व तोच नर एकत्र सापडू लागले. उंदरांच्या जातीत असा संसार दुर्मिळ! स्यू कार्टर, टॉमस इन्सेल आणि अटलांटा येथील एमरी विद्यापीठाचे लॅरी यंग ह्यांनी त्यामागील कारण शोधत पुष्कळ वर्षे घालवली. मादीच्या मेंदूत ऑक्सिटोसिन सोडले की ती लवकर जोडीदार निश्चित करी. डोंगराळ भागातील तिच्या चुलत जातीच्या मेंदूत ऑक्सिटोसिन स्वीकारणाऱ्या जागांची मांडणीच निराळी होती, आणि ती जात एकाशी संसार करीत नसे.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण पुढील सर्व गोंधळ तिच्यापाशी आहे. रक्तातील ऑक्सिटोसिन आणि मेंदूतील ऑक्सिटोसिन ही जणू एकाच घराची दोन वेगळी दालने आहेत. रक्त व मेंदू ह्यांच्यामध्ये एक दक्ष पहारा असतो, आणि रक्तात सोडलेले हे द्रव्य तो ओलांडून आत फारसे जात नाही. रक्तात तर ते काही मिनिटांतच निम्मे होते. म्हणून प्रसूतिगृहात शिरेतून दिलेल्या औषधाने बाळंतीण डॉक्टरांच्या बिलावर डोळे झाकून विश्वास ठेवू लागली, असे कोणी ऐकलेले नाही. उंदरांच्या प्रयोगांत ते थेट मेंदूत घातले होते. माणसाच्या मेंदूत सुई कोण घालणार? म्हणून नाकाचा मार्ग निघाला: नाकात फवारा, आणि त्यातील थोडा अंश मेंदूपर्यंत पोहोचेल ही आशा.

आता आपण २००५ सालच्या त्या प्रसिद्ध प्रयोगाकडे येतो. तो झुरिक येथे झाला. मायकेल कोसफेल्ड, मार्कुस हाइनरिख्स, पॉल झॅक, उर्स फिशबाखर व एर्न्स्ट फेर ही त्याच्या कर्त्यांची नावे, आणि तो 'नेचर' ह्या पत्रिकेत आला. ज्या खेळावर तो आधारलेला होता त्याची मूळ कल्पना १९९५ साली बर्ग, डिकहॉट व मकेब ह्या अमेरिकन संशोधकांनी मांडली होती. खेळ साधा आहे. दोन अनोळखी व्यक्ती. पहिलीला बारा नाणी दिली आहेत असे समजा. ती त्यांतील काही किंवा सर्व दुसरीकडे पाठवू शकते. पाठवलेली रक्कम वाटेत तिप्पट होते. मग दुसरीने ठरवावयाचे की परत किती द्यावे. काहीही न देण्याची तिला मुभा आहे. कागद नाही, साक्षीदार नाही, पुन्हा भेट नाही. पहिली व्यक्ती किती पाठवते हे तिच्या विश्वासाचे माप.

झुरिकच्या प्रयोगात सर्वजण पुरुष होते. पैसे पाठवणाऱ्यांपैकी एकोणतीस जणांच्या नाकात ऑक्सिटोसिन फवारले, एकोणतीस जणांच्या नाकात औषध नसलेले तसेच पाणी. औषधवाल्यांपैकी तेरा जणांनी सर्वच्या सर्व नाणी पाठवली, पाणीवाल्यांपैकी सहाच जणांनी. आणखी एक खुबी होती. समोर माणूस नसून निव्वळ नशीब आहे असे सांगितले, तेव्हा औषधाने काहीही फरक पडला नाही. अर्थात हे द्रव्य माणसाला सरसकट धाडसी करीत नाही, केवळ दुसऱ्या माणसावर विसंबण्याचे भय घालवते, असा निष्कर्ष निघाला. २००८ साली बाउमगार्टनर व सहकाऱ्यांनी ह्यात भर घातली: फसवणूक झाल्याचे कळल्यावर पाणीवाले सावध झाले, औषधवाले पूर्ववत देतच राहिले, आणि मेंदूचे चित्र घेतले असता भीतीशी निगडित असलेला अमिग्डाला हा बदामाएवढा भाग त्यांच्यात शांत दिसला.

ह्यानंतर जे झाले ते आपण सर्वांनी वृत्तपत्रांतून पाहिले. 'प्रेमाचे रसायन', 'नीतीचा रेणू' अशी बिरुदे निघाली. झॅक ह्यांचे ह्याच विषयावरचे पुस्तक २०१२ साली आले. मिठी मारा, ऑक्सिटोसिन वाढेल. दिवसातून इतक्या मिठ्या मारा, असे उपदेश सुरू झाले. आणि सदऱ्यावर फवारण्याच्या बाटल्याही निघाल्या. त्या बाटलीविषयी तर वेगळा वाद घालण्याचे कारणच नाही. नऊ अॅमिनो आम्लांची ही साखळी वाफ होऊन हवेतून समोर बसलेल्या अधिकाऱ्याच्या मेंदूत जाणारी नव्हे.

मी हा खेळ आमच्या मुलांच्या रविवारच्या वर्गात एकदा खेळवून पाहिला. औषध अर्थातच नव्हते. बारा-बारा पेनी दिल्या. दहा वर्षांच्या एका मुलीने सर्व बारा पेनी दुसरीकडे पाठवल्या. का, असे विचारता ती म्हणाली, "तिची मम्मी मला रोज कारमधून घरी सोडते." शेजारच्या मुलाने एकच पेनी पाठवली, कारण ज्याला पाठवावयाची त्याने मागे त्याची पेन्सिल घेऊन परत दिली नव्हती. मी चिठ्ठ्यांवर नावे लिहून चूक केली होती. शास्त्रज्ञ नावे लपवतात ते ह्याचसाठी. परंतु शिक्षिका ह्या नात्याने मला ती चूकच अधिक शिकवून गेली. मुले अनोळखी माणसावर नव्हे, हिशेबात असलेल्या माणसावर विश्वास ठेवीत होती. हिशेब वर्षाचा होता आणि पेन्सिलीपर्यंत बारीक होता.

आता उत्तरार्ध, जो वृत्तपत्रांनी तितक्या मोठ्या अक्षरांत छापला नाही. इतर प्रयोगशाळांनी तो प्रयोग पुन्हा करून पाहिला. काहींना थोडा फरक दिसला, पुष्कळांना दिसलाच नाही. २०१५ साली कॅलिफोर्नियातील कॅल्टेक येथील नावे व कॅमरर ह्यांनी मकलॉ ह्यांच्यासह तोवरचे सर्व प्रयत्न एकत्र तपासले, आणि नाकातील फवाऱ्याने विश्वास वाढतो असे म्हणण्यास भक्कम आधार नाही, असा निर्णय दिला. बेल्जियममध्ये मोइरा मिकोलायचाक ह्यांच्या गटाने पूर्वी ह्याच विषयावर चांगला परिणाम दिसल्याचे प्रसिद्ध केले होते. त्यांना तो पुन्हा मिळेना. तेव्हा त्या गटाने २०१६ साली एक दुर्मिळ गोष्ट केली. आपल्या टेबलाचा खण उघडून, परिणाम न दिसल्यामुळे छापले न गेलेले स्वतःचे प्रयोगही जगापुढे मांडले. छापलेले आणि न छापलेले एकत्र पाहता आधीचे सोने बरेचसे पितळ ठरले.

शेवटी २०२० साली अँटवर्प येथील कॅरोलिन डेक्लेर्क व सहकाऱ्यांनी ६७७ पुरुषांवर तोच प्रयोग केला. काय मोजणार व कसे मोजणार हे आधीच लिहून नोंदवून ठेवले होते, म्हणजे मागाहून हवा तो आकडा उचलण्यास वाव नाही. फवारा घेतलेल्यांचा विश्वास न घेतलेल्यांपेक्षा अधिक आढळला नाही. मुळात ज्यांचा स्वभाव कमी विश्वासाचा, अशांमध्ये विशिष्ट परिस्थितीत काही फरक असू शकेल, एवढी किलकिली फट त्यांनी उघडी ठेवली. आणि वाचकहो, ह्या लेखाच्या कर्त्यांत एर्न्स्ट फेर ह्यांचेही नाव आहे! पंधरा वर्षांपूर्वी ज्यांच्या नावाने जगभर डंका वाजला, त्यांनीच आपल्या शोधाची फेरतपासणी करून ती प्रतिकूल निघाली तरी तिच्यावर सही केली. विद्यार्थ्यांना विज्ञान म्हणजे काय हे शिकवताना मी द्यु व्हिन्यो ह्यांच्या नोबेलइतकीच ही सही दाखवते.

पहिला प्रयोग खोटा होता असे कोणी म्हणत नाही. एकोणतीस ही संख्या लहान. तेरा आणि सहा ह्यांत सातांचे अंतर. चार-पाच माणसे इकडची तिकडे असती तर फरक विरघळून गेला असता. असे लहान प्रयोग शंभर ठिकाणी झाले, त्यांतील ज्यांत चमत्कार दिसला तेवढेच छापले गेले, आणि ज्यांत दिसला नाही ते खणात राहिले, तर चमत्कार घडतोच असे वाटणारच. आपल्या नवसांचेही असेच असते. फेडलेला नवस सर्वांना कळतो. (हे वाक्य आजीने वाचू नये.)

व्होलच्या संसारातही नवी गुंतागुंत निघाली. २०२३ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी ज्यांच्यात ऑक्सिटोसिन स्वीकारणारी व्यवस्थाच जन्मतः नाही असे व्होल तयार केले. तरीही त्यांनी जोड्या केल्या आणि पिलेही वाढवली. त्याआधी, २०२१ साली, अमेरिकेतील अनेक केंद्रांनी मिळून स्वमग्न अर्थात ऑटिझम असलेल्या २९० मुलांना कित्येक आठवडे नाकावाटे ऑक्सिटोसिन अथवा बनावट फवारा देऊन पाहिला. मुलांच्या सामाजिक वागण्यात दोन गटांत फरक आढळला नाही. ही बातमी वाचताना मात्र मला शास्त्रीय समाधान वाटले नाही. बाटलीने मुलाखत बिघडली तर दुसरी मुलाखत मिळते. त्या २९० घरांतल्या आयांनी कोणत्या आशेने रोज सकाळी त्या नाकपुड्यांशी नळी धरली असेल!

मग ऑक्सिटोसिन करते तरी काय? आज बरेच संशोधक म्हणतात की ते विश्वास 'ओतीत' नाही; समोरच्या माणसाकडे, त्याच्या चेहऱ्याकडे, आवाजाकडे मेंदूचे लक्ष अधिक वेधते. समोरचा आपला असेल तर जवळीक वाढते, परका वा प्रतिस्पर्धी असेल तर कदाचित दुरावाही. ॲम्स्टरडॅमचे कार्स्टन डे ड्र्यू ह्यांनी २०१० व २०११ साली असे मांडले की फवारा घेतलेले पुरुष आपल्या गटाच्या बाजूने अधिक झुकतात. ह्या प्रयोगांवरही आक्षेप आहेत, आणि वर जो इशारा दिला तो येथेही लागू आहे. तथापि 'आपले' आणि 'परके' ही रेघ कोठे ओढली जाते हा प्रश्न मात्र रसायनाहून जुना आहे. बेने इस्राएलांना तो कोणी शिकवावयास नको. १९६२ साली इस्रायलच्या मुख्य रब्बीमंडळाने आपल्या विवाहांच्या नोंदीपूर्वी पिढ्यान्‌पिढ्यांच्या वंशाची चौकशी करण्याचे आदेश काढले, तेव्हा आपण रेघेच्या कोणत्या बाजूला आहोत हे आपल्या माणसांना कळेनासे झाले होते. जेरुसलेममध्ये आंदोलने झाली, १९६४ च्या ऑगस्टमध्ये क्नेसेटला ठराव करावा लागला, आणि त्यानंतर आदेशांतून आपले नाव वगळले गेले. त्या रब्बींच्या रक्तात ऑक्सिटोसिन कमी होते असे कोणी म्हणणार नाही. त्यांच्यापाशी आपल्याविषयीची माहिती कमी होती.

ही झाली परकेपणाची बाजू. आपलेपणाची बाजू अधिक महाग पडू शकते. बर्नार्ड मेडॉफ क्वीन्समध्येच वाढलेला. २००८ च्या डिसेंबरात त्याला अटक झाली तेव्हा त्याच्या खात्यांत कागदोपत्री सुमारे ६५ अब्ज डॉलर होते आणि प्रत्यक्षात त्यांतले बहुतेक कोठेच नव्हते. येशिवा विद्यापीठ, हदास्सा ही महिलांची संस्था, एली विझेल ह्यांचे प्रतिष्ठान, अशा कितीतरी ज्यू संस्थांचे पैसे त्यात गेले. विझेल प्रतिष्ठानाचे दीड कोटीहून अधिक डॉलर, म्हणजे जवळजवळ सर्वस्व. हॅरी मार्कोपोलोस नावाचा एक हिशेबतज्ज्ञ २००० सालापासून सरकारी देखरेखीच्या खात्याला लिहून कळवीत होता की हे आकडे शक्य नाहीत. पण आकडे कोण पाहतो? माणूस आपला होता, सभागृहात शेजारी बसणारा होता. २००९ साली त्याला १५० वर्षांची शिक्षा झाली आणि २०२१ साली तो तुरुंगातच मरण पावला.

येथे माझी कबुली. मेडॉफच्या बातम्या वाचून "इतकी शिकलेली माणसे फसली कशी?" असे मी मोठ्याने म्हटले होते. त्यानंतर काही वर्षांनी एक गृहस्थ आमच्या घरी येऊ लागले. आपल्यापैकीच. नवगावच्या जुन्या दफनभूमीविषयी बोलताना त्यांचे डोळे भरून येत. माझ्या आईच्या हातच्या चिकच्या हलव्याची आठवण त्यांनी काढली. माझी आई त्यांना कधी भेटलीही नव्हती, पण सर्वांच्या आया तो हलवा करीत, हे त्या क्षणी माझ्या ध्यानात आले नाही. त्यांच्या बोलण्यातले ते जुने मराठी ऐकून मला जे काही वाटले त्याला पान्हा फुटणे ह्याहून दुसरा शब्द नाही. मी तीन हजार डॉलर दिले आणि कागद मागितला नाही. कागद मागणे म्हणजे आपल्या माणसाचा अपमान, असे वाटले. गृहस्थ नंतर दिसले नाहीत. आणखी चार घरांचे पैसे गेल्याचे मागाहून कळले. आम्ही पाचही घरांनी एकमेकांना काहीच सांगितले नव्हते, कारण सर्वांनाच लाज वाटत होती. आमच्यापैकी पहिल्याने तोंड उघडले असते तर दुसऱ्याचे वाचले असते.

त्या वेळी माझ्या मेंदूत ऑक्सिटोसिन किती उसळले होते, हे आज कोणी मोजू शकणार नाही. बाहेरून फवारण्याची गरज मात्र नव्हती. गवळी रेडकाच्या जागी सुई वापरतो. काही माणसे आठवणी वापरतात.

वर्गात हा विषय निघाला की मी योसेफाची गोष्ट सांगते. ज्या भावांनी त्याला विकले तेच धान्य मागावयास मिसर देशात आले. त्याने त्यांना ओळखले, आणि तो आड जाऊन रडला. म्हणजे माया होती, पान्हा होता. तरीही त्याने स्वतःची ओळख दिली नाही. शिमोनाला ठेवून घेतले. त्यांचे पैसे गुपचूप त्यांच्याच पोत्यांत परत घातले. दुसऱ्या खेपेला बिन्यामिनाच्या पोत्यात चांदीचा पेला ठेवून, हे भाऊ धाकट्याला सोडून पळतात की काय, हे पाहिले. यहूदा पुढे झाला व त्याच्याऐवजी मला गुलाम ठेवा म्हणाला, तेव्हाच योसेफाने सर्वांना बाहेर घालवून भावांना हाक मारली. मुले नेहमी विचारतात, रडू आले होते तर लगेच का सांगितले नाही? एका मुलीने एकदा उत्तर दिले, "रडू त्याचे होते, पण परीक्षा त्यांची होती." मी त्यात काही भर घातली नाही.

आता व्यवहाराचे. ह्या देशात जो कोणी तुमचे पैसे गुंतवतो म्हणतो, त्याची नोंदणी आहे की नाही, त्याच्यावर पूर्वी तक्रारी झाल्या का, हे 'फिनरा' ह्या संस्थेच्या 'ब्रोकरचेक' ह्या सोयीतून कोणासही विनामूल्य पाहता येते. सल्लागारांची तशीच यादी 'एस. ई. सी.' ह्या सरकारी आयोगाकडे आहे. नाव लिहावयाचे आणि पाहावयाचे. पाच मिनिटांचे काम आहे. ज्या वडीलधाऱ्यांना संगणक जमत नाही त्यांनी नातवंडांकडून पाहून घ्यावे, अथवा मला दूरध्वनी करावा. नाव यादीत नसेल तर तो गृहस्थ तुमच्या मामाच्या शेजारी राहत असला तरी चेक लिहू नये. मी तेव्हा पाहिले असते तर त्यांचे नाव सापडले नसते. मागाहून पाहिले, ते नव्हते.

मुलाखतीला जाण्यापूर्वी त्या तरुणाने मला फोन केला होता. मी त्याला सदरा इस्त्री करावयास आणि मागील नोकरीतल्या वरिष्ठांची दोन पत्रे बरोबर न्यावयास सांगितले. बाटलीचे काय करू, असे त्याने विचारले. माझ्याकडे दे म्हटले. ती आता माझ्या वर्गातील कपाटात, खडूच्या खोक्याशेजारी आहे. मुले झाकण उघडून हुंगतात. वास संत्र्याच्या सालीसारखा आहे, बरा आहे.